कोरी जागा

माझे वडील शाल्वा कुटाईसीत दुकानांच्या पाट्या रंगवायचे.
सरकारी काम. बहुतेक वेळा एकच शब्द: पुरी.
आमच्याकडे पावाला पुरी म्हणतात.
निळ्यावर पांढरा, हातभर उंच,
पहिल्या अक्षराचं टोक जरा जास्तच वळवलेलं,
तेवढीच त्यांची सही.
पाटीखाली रांग लागायची
आणि रांगेच्या तोंडाशी पाव संपलेला असायचा.
शब्द होता, माल नव्हता.

आता माझ्या टेबलावर माल आहे,
गुरियाच्या उतारावरचा चहा, ऐंशी ग्रॅम,
आणि शब्दांना तोटा नाही.

ओतार मार्केटिंगचा, माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.
म्हणतो, ‘एतेरी, लोक चहा घेत नाहीत गं, गोष्ट घेतात.
हसरी बाई, पाठीला टोपली, मागे धुकं.
खाली लिही, सन १९३४ पासून.’
कंपनी साडेतीन वर्षांची आहे.
‘१९३४ कुठून काढलंस?’
‘छान दिसतं.’

दिसतं खरं.
तीन आणि चार शेजारी असे बसले
की जणू दोघं एकाच बाकावर म्हातारे झालेत.
माझ्या धंद्याचा रोग हाच:
खोटं आधी सुबक दिसतं.

म्हणून मळ्यात जाऊन आले.
त्सियाला, एकसष्ट वर्षांची, अंगठ्याला चिकटपट्टी.
हसली नाही.
म्हणाली, ‘काढायचंच तर पानाचं चित्र काढ.
मी चहा घेत नाही. पित्त होतं मला.’
ओतारला सांगितलं.
‘हे नको छापूया,’ तो म्हणाला.

मला जाहिरातीचा राग नाही.
माझी पुरी तिच्यावरच भाजते.
बाजारात बसलं की हाक मारावीच लागते,
गप्प बसणाऱ्याच्या टोमॅटोंना सुरकुत्या पडतात.
पण हाक मारणं वेगळं
आणि येणाऱ्याजाणाऱ्याची बाही ओढणं वेगळं.
आमच्या लिपीत वाक्याच्या सुरुवातीला
कुठलंच अक्षर टाचा उंचावत नाही.
राजाचं नाव आणि कांद्याचं नाव
एकाच उंचीनं उभं राहतं.
हे मी ओतारला समजावलं.
तो म्हणाला, ‘लोगो मोठा कर.’

सात वेळा म्हणाला.
मग त्याचं बोट पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यावर आलं.
‘ही जागा कोरी का?
छपाईचे पैसे आपण अख्ख्या पाकिटाचे देतो.’
‘श्वास आहे तो,’ मी म्हटलं.
‘श्वासावर क्यूआर कोड मावेल.’

शेवटी बाई गेली, १९३४ गेलं,
लोगो वाढला, कोड पाठीमागे सरकला,
आणि चार बोटं कोरी जागा उरली.
मी जिंकले असं नाही.
त्या आठवड्यात ओतार बातुमीला होता
आणि छापखान्याला घाई होती.

मार्चमध्ये हिरव्या बाजारात
नाझिब्रोलाच्या फळीवर माझं पाकीट दिसलं.
रिकामं करून, पुसून, दोऱ्यानं बांधलेलं.
आत राजम्याचे दाणे, चट्ट्यापट्ट्यांचे.
चार बोटं जागेत निळ्या बॉलपेननं लिहिलेलं:
बियाणं. विकायचं नाही.

‘हेच पाकीट का घेतलंत?’
ती अक्रोड मोजत होती, वर न बघता म्हणाली,
‘यावर लिहायला जागा आहे.
बाकीची सगळी आपलंच सांगत बसतात.’

गरज नसताना अर्धा किलो अक्रोड घेतले.
वडील असते तर ते अक्षर निरखत उभे राहिले असते,
कदाचित एखादा काना सरळ करून द्या म्हणाले असते.
मी फोटो काढला, ओतारला पाठवला.
दोन मिनिटांत उत्तर:
‘कमाल! हे हस्ताक्षर पुढच्या पाकिटावर छापूया?
नेमकं याच जागेत?’

अजून काही कळवलेलं नाही.
तिसरा हप्ता यायचाय.